धीर राहू दे सिस्टर, ड्युटी बदलून द्या

ताई,
मी कोल्हापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची सिस्टर इन्चार्ज आहे. मुलगा बारावीनंतर अग्निवीर म्हणून नौदलात लागला. सध्या ओडिशात आयएनएस चिल्काला ट्रेनिंग चालू आहे. भरतीच्या वेळी त्याला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून अर्जावर पालकाची सही लागली. ह्यांनी हात आखडता घेतला, मी केली. तेव्हापासून घरात काहीही झालं की ‘सही तू केलीस’ हे ठरलेलं.

ओळखीत आणखी तिघी सिस्टर निघाल्या, ज्यांची मुलं नौदलात गेली. एक आमच्याच मेडिकल वॉर्डात, एक राजारामपुरीतल्या खासगी हॉस्पिटलात, एक ग्रामीण रुग्णालयात. चौघींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. सुरुवातीला फार आधार वाटला. आता ग्रुप वाजला की छातीत धस्स होतं. एकीनं ‘खोकला आहे म्हणाला’ लिहिलं की दुसरी ‘न्यूमोनिया नाही ना?’ विचारते. पोटरी दुखते म्हटलं की तिसरी डोस सांगून मोकळी. मीही त्याच्या बॅगेत पेनकिलरची पाकिटं भरून दिली होती. मुलांचा फोन रविवारी येतो, तोही थोडा वेळ. नेमकी तेव्हा मी वॉर्डात आणि मोबाइल लॉकरमध्ये.

ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्रिणीच्या मुलाचं नडगीचं हाड ट्रेनिंगमध्ये मोडलं. मेडिकल बोर्ड होऊन त्याला घरी पाठवलं. ती ग्रुपवर आहे, पण एक अक्षर लिहीत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही तिघींनी वेगळा ग्रुप केलाय. बरोबर केलं का, कळत नाही.

दिवसभर नातेवाइकांना धीर देते आणि नाईटला औषधांच्या खोलीत जाऊन रडून घेते. सगळ्या नर्सच, कुणी कुणाला काय सांगायचं? ग्रुप बंद करू का?
— एक आई, कोल्हापूर

सिस्टर,

चौघींचा ग्रुप बंद करू नका. तिघींचा मात्र आजच्या आज बंद करा. त्याचं कारण पुढं सांगते, आधी तुमच्या धस्स होण्याबद्दल बोलू.

तुमचं पत्र वाचताना मला त्या ग्रुपवर चार सिस्टर दिसल्या, आई एकही दिसेना. शेजारच्या घरातल्या पोराला हॉस्टेलवर खोकला झाला तर त्याची आई म्हणते, ‘गार पाणी प्यायला असेल मेला.’ विषय संपला. तुम्हाला तसं म्हणता येत नाही, कारण खोकल्याच्या पुढची सगळी स्टेशनं तुम्हाला पाठ आहेत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्यात तुमच्या मनाला अख्खं मेडिसिनचं पुस्तक तोंडपाठ. शिवाय वॉर्डात उभं आयुष्य काढलेल्या बाईला (मीही त्यातलीच) एक खोड लागते. दोन दिवसांत आपोआप ताप उतरला, हे सांगायला कुणी ॲडमिट होत नाही. आपल्यासमोर येतात ती बिघडलेलीच माणसं. बरी होऊन गेलेली शेकडो पोरं आपण विसरतो, व्हेंटिलेटरवरचं एक पोर मात्र जन्मभर डोळ्यांसमोर राहतं. चौघींची अशी चार डोकी एका ग्रुपवर आली, की साध्या सर्दीचंही काय होईल ते तुम्ही रोज बघताच आहात.

तेव्हा पहिला नियम, तोही लेखी: ग्रुपवर निदान नाही आणि डोस नाही. कुणी लिहिलाच तर बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही.

डोसाबद्दल जरा जास्त बोलते, कारण तिथं नुसतं मन दुखत नाही, हाड मोडतं. कालपर्यंत गल्लीत गाडी फिरवणारं पोर एकदम पहाटेपासून धावायला, परेड करायला लागतं. नडगीच्या हाडावर तोच भार पुन्हा पुन्हा येतो आणि हाडाला भरून यायला वेळ मिळत नाही. बारीक चीर जाते. ही स्ट्रेस फ्रॅक्चरची तक्रार जगभरच्या सगळ्या सैन्यांत रिक्रूटांमध्ये दिसते, आपल्या पोरांचंच काही नाजूक आहे असं नाही. सुरुवातीला धावताना दुखतं, बसलं की थांबतं. एका बोटानं दाबून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफसुद्धा येऊ शकतो. आता अशा वेळी पोरानं तुमच्या बॅगेतली गोळी घेतली तर काय होतं? दुखणं दबतं, चीर तिथंच राहते, आणि तो त्याच पायावर आणखी पंधरा दिवस धावतो. त्यात चिल्क्याची दमट हवा, घामानं अंग निथळलेलं, पाणी कमी पडलेलं. अशा शरीरात ब्रुफेन-डायक्लोसारखं पेनकिलर गेलं तर मूत्रपिंडावर काय ताण येतो हे मी तुम्हाला शिकवायला नको.

पोरं दुखणं लपवतात, त्यालाही कारण आहे. आजारी पडलो, दिवस बुडाले, तर मागच्या बॅचला टाकतील ही धास्ती असते. रेलिगेट हा शब्द तुमच्या मुलानं एव्हाना फोनवर वापरला असेलच. म्हणून येत्या रविवारी त्याला एवढंच सांगा: ‘बॅगेतल्या गोळ्या सिक बेमध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात दाखव, त्यांनी सांगितलं तर ठेव, नाहीतर देऊन टाक. पाय दुखला तर पहिल्या दिवशी सांग. मागं पडलास तर चालेल, आम्ही कुणी काही म्हणणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ते त्याला बाहेरचं कुणी सांगणार नाही.

चिल्क्यात नौदलाचं स्वतःचं रुग्णालय आहे, आयएनएचएस निवारिणी. आणि सैन्यदलांच्या रुग्णालयांत मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकारी असतात. १८८८ साली दहा नर्स मुंबई बंदरात उतरल्या, तिथून या सेवेची सुरुवात मानतात. थोडक्यात, पोराच्या उशाशी उभं राहायला कुणी नाही असं नाही. तुमच्याच पेशातली, खांद्यावर हुद्दा लावलेली बाई आहे. तुमच्या वॉर्डातल्या पेशंटला मुंबईहून त्याची नर्स मावशी फोनवर डोस सांगायला लागली तर तुम्ही काय म्हणता? तेच ती म्हणेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारता, सगळ्या नर्सच, कुणी कुणाला काय सांगायचं. माझं मत विचाराल तर काहीच सांगू नका. धीर देण्याचं काम तुम्ही चौघी पगारावर करता, घरी येऊन तेच कशाला? तुमच्याकडं एकमेकींना देण्यासारखी दुसरी एक वस्तू आहे, जी बाकीच्या आयांकडं नसते. ड्युटी.

तुम्ही परिसेविका, म्हणजे तुमच्या वॉर्डाची ड्युटी लिस्ट तुम्हीच करता. लगेच स्वतःचे सगळे रविवार सोडवून घेऊ नका. चेंजिंग रूममध्ये दुसऱ्या दिवशी काय बोलतील ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते बरोबरच असेल. असं करा. तुम्ही आणि मेडिकल वॉर्डातली मैत्रीण, दोघींनी एकाआड एक रविवार ऑफ बसवून घ्या. तिच्या वॉर्डातल्या लिस्टसाठी तिच्या सिस्टर इन्चार्जना आणि वर मेट्रन मॅडमना कारण स्पष्ट सांगा, लपवाछपवी नको. ज्या स्टाफ सिस्टरनं तुमच्यासाठी रविवार उचलला, तिच्या बदल्यात गौरी जेवणादिवशी तुम्ही वॉर्डात उभ्या राहा. मुलगा नौदलात असणं हे काही तुमच्या ज्युनिअरनं जास्त ड्युट्या करण्याचं कारण नाही.

आणि मग तिन्ही मुलांना (चौथीचं पुढं येतेच) एक सांगून ठेवा: मम्मी ड्युटीवर असली तर मावशीला फोन करायचा. दोन नंबर पाठ असू द्या. ज्या रविवारी तुम्ही वॉर्डात, त्या रविवारी तुमच्या पोराचा फोन मेडिकलवाली घेईल. राजारामपुरीतल्या मैत्रिणीला याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. खासगीत ऑफ बदलून मागणं म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. तिथं इन्चार्जच्या आधी मॅनेजर तोंड वाकडं करतो. तिला रविवार मिळेलच असं नाही, पण तिच्या पोराचा फोन वाया जाणार नाही.

फोन घेतला की संध्याकाळी आईला ओव्हर द्यायची, ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देतो तशी. पाहिलं-ऐकलं तेवढंच. ‘मला तो जरा उदास वाटला गं’ ही ओव्हर नव्हे. ओव्हर अशी: ‘फोन सव्वाचारला आला. आवाज साफ. भात रोज असतो, चपातीची आठवण काढत होता. पाय दुखतो का दोनदा विचारलं, नाही म्हणाला. पोहण्याची टेस्ट व्हायची आहे. मम्मीला सांगा दाढी रोज करतोय, असं म्हणून हसला.’ एवढं वाचल्यावर आईला त्या रात्री झोप लागते. ‘काळजी करू नकोस, सगळं चांगलं होईल’ वाचून कुणाला लागलेली मी पाहिली नाही.

मावशीला फोन करण्याचा एक छुपा फायदाही आहे. आईला जे सांगता येत नाही ते पोरं मावशीला सांगतात. तिनं ते लगेच जसंच्या तसं सांगायचं की पोराला ‘हे मम्मीला तूच सांग’ म्हणायचं, हे तिच्या शहाणपणावर सोडा. दुखण्याखुपण्याचं असेल तर लपवायचं नाही, बाकी प्रेमप्रकरणं पोटात ठेवली तरी चालतील.

चिल्क्यातल्या ट्रेनिंगचे हे चार महिने तसे सोपेच आहेत बरं का. पुढचं समजून घ्या, कारण आपल्याकडं सल्ला द्यायला माणसांची कमी नाही आणि तो सगळा आर्मीचा असतो. आपल्या जिल्ह्याला फौजी नवा नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी. टेंबलाईवाडीला टेरिटोरियल आर्मीची बटालियन, शेजारी बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. गल्लीतला प्रत्येक रिटायर्ड सुभेदार तुम्हाला पोस्टिंग, रजा, कॅन्टीन सगळं समजावून सांगेल. पण जहाजावरच्या पोराची आई कशी जगते हे त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. चिल्क्याहून पोरं ज्याच्या त्याच्या कामाच्या ट्रेनिंगला जातात. इंजिनाकडची लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, विजेकडची जामनगरला आयएनएस वलसुरात, भांडार-स्वयंपाकाकडची मुंबईत मालाडला आयएनएस हमलात. लोणावळा निघालं तर तुमचं नशीब, कोल्हापुरातून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचाल. नंतर जहाज मिळतं, आणि जहाज समुद्रात गेलं की किनाऱ्यावरचं नेटवर्क मागं राहतं. शिवाय २०१९ च्या डिसेंबरपासून नौदलानं तळांवर आणि युद्धनौकांवर स्मार्टफोनला बंदी घातली. समाजमाध्यमांवर ओळख वाढवून काही खलाशांकडून शत्रूनं माहिती काढून घेतल्याचं तेव्हा उघड झालं होतं, म्हणून.

याचा तुमच्यासाठी अर्थ दोन प्रकारचा. एक, फोन न येणं ही त्या नोकरीतली रोजची गोष्ट आहे. वॉर्डात मॉनिटर गप्प झाला की धावायचं असतं, इथं नाही. वाईट बातमीची वाट वेगळी असते. ती नोंदलेल्या नातेवाइकाला नौदलाकडून थेट येते, फेसबुकवरून किंवा गल्लीतून नाही. म्हणून मुलानं नोंदवलेला नंबर कुणाचा आहे ते एकदा विचारून घ्या. तुमचा असेल तर तो दिवसातले आठ तास लॉकरमध्ये असतो. सोबत वडिलांचाही लावायला सांगा.

दुसरं, तोंड आवरा. ग्रुपवर जहाजाचं नाव, ‘उद्या निघणार’, ‘अमुक बंदरात आहे’ यातलं काही लिहायचं नाही. डीपीला वर्दीतला फोटो लावायचा मोह मला कळतो, महाद्वार रोडवरून जाताना चार बायकांनी थांबवून विचारावं असं वाटतंच. पण फोटोच्या मागं काय दिसतंय ते बघितल्याशिवाय लावू नका. आणि ‘माझाही भाऊ नेव्हीत आहे’ म्हणून अनोळखी मॅडमची फ्रेंड रिक्वेस्ट आली, तर गोड बोलण्याआधी मुलाच्या कानावर घाला.

सहीचं. तुम्ही रोज नातेवाइकांकडून संमतीपत्रावर सह्या घेता, तेव्हा त्यांना काय सांगता? सही म्हणजे ऑपरेशन तुम्ही केलं असं नव्हे. लेखी परीक्षा पोरानं दिली. १.६ किलोमीटर ६ मिनिटं ३० सेकंदांत तो धावला, तुम्ही नाही. कायद्यानं त्याचं वय कमी होतं, एवढ्यासाठी तुमचं नाव तिथं आहे. पण हे सगळं नवऱ्याला ऐकवून उपयोग नाही, कारण ‘सही तू केलीस’ याचा खरा अर्थ ‘मला भीती वाटते’ असा आहे आणि आपल्याकडच्या पुरुषाला ते वाक्य शिकवलेलंच नसतं. पुढच्या एका रविवारी तुम्ही घरी असलात तरी फोन आधी त्यांच्या हातात द्या आणि चहा ठेवायला आत जा. गॅसचा आवाज मोठा ठेवा. नंतर काय बोलणं झालं ते विचारू नका. ते स्वतःच ओव्हर देतील.

आता चौथी.

वाईट वाटू नये म्हणून वेगळा ग्रुप केला, असं तुम्ही लिहिलंय. सिस्टर, कॉटवरचा पेशंट गेला की नवीन मुली त्याच्या नातेवाइकाच्या नजरेला नजर देत नाहीत, पॅसेजमधून वळसा घालून जातात. त्यांना तुम्हीच ओरडत असाल. इथं तर कुणी गेलेलंही नाही. तिचं पोर घरी आहे, अठरा-एकोणीस वर्षांचं आहे, जेवतंय. आणि तुम्ही तिघी मात्र सुतक असल्यासारख्या तिच्या दारावरून पुढं निघालात. तिला ते कळलेलं असणार. एकदम शांत झालेला ग्रुप बघून कुठल्याही बाईला कळतं की बोलणं दुसरीकडं हललंय.

तिच्या घरी काय चाललं असेल याचा विचार करा. निवड झाली तेव्हा गावात फलक लागला असेल, पोराला तालमीच्या पोरांनी खांद्यावर घेतलं असेल. आता तेच कट्ट्यावर विचारतात, ‘काय रे, झेपलं नाही काय?’ ‘पळून आला काय?’ पोर घराबाहेर पडत नाही. ती सकाळी ड्युटीला जाते आणि ओपीडीत ओळखीचा माणूस दिसला की केसपेपरात डोकं घालते.

आणि मला एक शंका येते. तुमच्या ग्रुपवर डोस सुचवले जायचे. पोटरीचं दुखणंही तिथं आलं होतं. तिनंही मुलाला कधी फोनवर गोळी घे म्हटलं असेल, किंवा तुमच्यासारखीच बॅगेत घातली असेल, आणि आता रात्री छताकडं बघत तेच मोजत असेल. मी वर जे गोळी आणि चिरेबद्दल लिहिलं ते तिलाही माहीत आहे. माझी शंका चुकीची असू शकते, म्हणून हे तिला कुणीही विचारू नका. पण तिनं स्वतःहून काढलं तर ‘छे गं, असं काही नसतं’ म्हणून तोंड बंद करू नका. ती नर्स आहे, खोटं तिला लगेच कळेल. पूर्ण ऐका. मग जे खरं आहे ते सांगा: हाडाला चीर गोळीनं जात नाही, अचानक वाढलेल्या भारानं जाते. गोळी न घेणाऱ्या पोरांनाही ती होते. गोळी दुखणं झाकू शकते, आणि मीही पोराच्या बॅगेत ती भरून दिली होती. शेवटचं वाक्य तुम्हाला म्हणता येईल, कारण तुम्ही ते मला लिहिलंय.

जा तिच्या घरी, तिघी एकदम नको. मोर्चा आल्यासारखं वाटतं. तुम्ही एकट्या जा. ‘बरं झालं, सुटला’ म्हणू नका, ‘नशिबात नव्हतं’ तर अजिबात नको. मुलाला त्याच्या नावानं हाक मारा, पायाचं विचारा. इथं मात्र तुमचं नर्सपण बिनधास्त बाहेर काढा, कारण इथं पेशंट समोर आहे आणि कागद हातात आहेत. प्लास्टर निघालं का, वजन टाकायला कधीपासून सांगितलंय, फिजिओथेरपी चालू आहे का. तुमच्या ऑर्थो ओपीडीत त्याला दाखवायचं असेल तर तुम्ही रांगेत उभ्या राहा, तिला रजा टाकायला लावू नका. मेडिकल बोर्डाचे, डिस्चार्जचे सगळे कागद झेरॉक्स काढून एका फायलीत लावून द्या. पुढं कुठंही अर्ज केला तर तेच मागतील. आणि पोर उभं राहिलं की त्याला काहीतरी काम सांगा. तुमच्या पोरानं फोनवर सांगितलेले निम्मे शब्द तुम्हाला कळत नाहीत, ते त्याला कळतात. विचारा त्याला. चिल्क्यात राहून आलेला गल्लीतला तो एकटाच माणूस आहे.

निघताना तिला सरळ विचारा: ‘आम्ही पोरांचं तुझ्यासमोर बोललो तर चालेल का, की काही दिवस नको?’ ती म्हणेल ते चालेल. काही दिवस नको म्हणाली तर फोनवर बोला, पण तिच्या पाठीमागं ग्रुप नको. आणि ‘मावशीला फोन’च्या यादीत तिचाही नंबर ठेवायचा का, हेही तिलाच विचारा. नाही म्हणेल असं गृहीत धरू नका.

अग्निवीरची मुदत चार वर्षांची, तेव्हा ‘चार वर्षांनी काय?’ हा प्रश्न तुमच्याही घरी येऊन गेला असेल. थोडक्यात सांगते: पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपयांतले २१,००० हातात येतात, बाकीचे सेवा निधीत जातात आणि सरकार तेवढीच भर घालतं. चार वर्षांनी साधारण दहा लाख आणि वर व्याज मिळतं. जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना पुढं कायम घेतलं जातं. नोकरीत असेतो ४८ लाखांचा विमा आहे. योजना चांगली की वाईट यावर ग्रुपवर वाद घालू नका, त्यासाठी चहाच्या टपऱ्या आहेत. पोराला जे ट्रेड मिळेल त्याचं प्रमाणपत्र आणि पदवीचं शिक्षण चालू ठेवायला सांगा, बस.

राहिलं तुमचं रडणं. रडा, त्यानं काही बिघडत नाही. पण औषधांच्या खोलीत नको, आणि नाईटला तर नकोच. डोळे भरलेल्या बाईनं तिथं व्हायल उचलू नये. झोप लागत नाही, जेवण जात नाही, हातून बारीक चुका व्हायला लागल्यात, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर मानसोपचार ओपीडीत स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा. आपल्याच रुग्णालयात लाज वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. शेल्फवरची झोपेची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. ही सवय आपल्या पेशात किती जणींना आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. जाता जाता हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही करून घ्या. चाळिशी उलटलेल्या बाईचं सगळंच दुःख मुलापायी असतं असं नाही.

आणि ट्रेनिंग संपतानाची पासिंग आऊट परेड. अग्निवीरांच्या पहिल्या बॅचची परेड २८ मार्च २०२३ ला चिल्क्यात सूर्यास्तानंतर झाली होती, दिव्यांच्या उजेडात. तुमच्या पोराची कधी ते तो कळवेलच. कोल्हापुरातून सरळ गाडी नाही. पुण्याला जाऊन तिथून भुवनेश्वरच्या बाजूची कोणार्क एक्स्प्रेस धरावी लागते, आणि तो प्रवास लांबचा आहे. दोघी-तिघी एकत्र जा, म्हणजे एकीनं सामान राखायचं आणि एकीनं पाण्याच्या बाटल्या भरायच्या. ज्या मागं राहतील त्यांनी जाणाऱ्यांच्या ड्युट्या आणि घरातल्या सासूबाईंची बीपीची गोळी सांभाळायची. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पण तारीख कळल्याबरोबर आधी रजेचा अर्ज टाका, लेखी, इनवर्ड नंबर घेऊन. मेट्रन मॅडमना जिन्यात गाठून तोंडी सांगून ठेवणं म्हणजे रजा मंजूर होणं नव्हे, हे परिसेविकेला मी सांगावं असं नाही. पण स्वतःच्या रजेच्या वेळी आपण सगळ्याच जणी हे विसरतो.